अष्टमी धरून निघा

समुद्रावर जायची तारीख ठरवताना आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघ बाई, हॉटेलचे दर मागनं बघ. तू मला फोनवर ग्रीसच्या बेटांचे फोटो दाखवलेस. पांढरी घरं, निळंशार पाणी, पाण्याला टेकून मांडलेल्या खुर्च्या. चांगलंच आहे ते. तुम्हा दोघांना जमेल तेव्हा जरूर जा. पण या खेपेला सगळं घर निघालंय, गुडघे धरून चालणाऱ्या आजोबांपासून रांगणाऱ्या पोरापर्यंत. एवढ्यांचे पासपोर्ट आणि व्हिसा करता करता उसाला तोड येईल. शिवाय दिवाळीनंतर तिकडे थंडी पडते आणि बेटांवरची बरीचशी हॉटेलं ऑक्टोबर सरता सरता बंद होतात, ती वसंत आल्यावरच उघडतात. त्यांचा भराचा काळ जून ते सप्टेंबर. तेव्हा आपल्याकडे शाळा चालू आणि रानात आडसालीची लागण. म्हणून आपण मालवण-तारकर्ली धरू. बेट बघायची हौस आहे ना? मालवणच्या समोर सिंधुदुर्ग आहे, कुरटे बेटावर बांधलेला.

त्या फोटोंवरनं एक गोष्ट मात्र मनात धरू नकोस. भूमध्य समुद्राला बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटी असते ती वीत-दीड वीत. म्हणून तिथे पाण्याला टेकून खुर्ची मांडता येते. आपल्या मालवणला उधाणाच्या दिवशी पाणी पुरुषभर चढतं आणि तेवढंच उतरतं. काठावर काढलेल्या चपला तासाभरात पाण्यात गेलेल्या असतात, आणि चपलांच्या जागी लहान पोर असू शकतं.

आपण नीरा डाव्या कालव्यावरची माणसं. पाळी कधी आहे ते ठाऊक असल्याशिवाय कोणी रात्री दारं धरायला जात नाही. समुद्रालाही तशीच पाळी आहे, आणि ती कालव्याच्या पाळीपेक्षा जास्त भरवशाची आहे, कारण ती चंद्रावर चालते. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. एका भरतीपासून दुसरी भरती साडेबारा तासांच्या जरा आत येते, म्हणून रोज वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. हा हिशेब कोकणातली माणसं तोंडी करतात. मला तो मालवणच्या एका म्हाताऱ्या तांडेलाने शिकवला. आम्ही शाळेत पाऊणकी पाठ केलेली, त्यामुळे लगेच डोक्यात बसला. तूही पाठ करून ठेव. तिथीला पाऊणने गुणायचं की भरती पूर्ण होण्याची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पुरी भरती, पहाटे आणि दुपारी. अष्टमीला आठ पाऊण सहा. पौर्णिमा किंवा अमावास्या असली की सव्वाअकरा-बारा. शुद्ध पक्ष आणि वद्य पक्ष दोन्हींना हिशेब तोच, प्रतिपदेपासून पुन्हा सुरू. त्यात सव्वासहा तास मिळवले की पुरी ओहोटी. गावागणिक तास-अर्धा तास इकडेतिकडे होतं, म्हणून तिथे गेल्यावर एखाद्या मासेमाऱ्याला एकदा विचारायचं. पण घरी बसून बेत आखायला हा हिशेब पुरतो.

आता अष्टमीच का, ते ऐक. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं, पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त ओसरतं. त्या दिवसांत दुपारी बारापासून संध्याकाळी सहापर्यंत पाणी आत ओढत असतं. आणि आपली माणसं पाण्यात उतरतात कधी? जेवून, जरा लवंडून, चार वाजता. म्हणजे नेमकी ओढ लागलेली असताना. अष्टमीला भांग असतो, चढउतार कमी. दुपारी बाराला ओहोटी पुरी होते आणि मग सहापर्यंत पाणी हळूहळू वर येत राहतं. पोरांना पाण्यात न्यायचं ते पाणी येत असताना. साडेतीन ते पाच ही वेळ अष्टमीच्या सुमारालाच बरी सापडते. ऊनही तोवर उतरलेलं असतं.

दिवाळीत हे कसं जमतं बघ. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे पाडवा-भाऊबीज सगळी उधाणात. आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पुण्या-मुंबईच्या गाड्या कोकणात उतरतात, खोलीचा दर दुप्पट सांगतात. आपण तेव्हा घरीच थांबायचं. लेकी माहेरी आलेल्या असतात, त्यांचं करायचं. षष्ठीला पहाटे निघायचं, सप्तमी, अष्टमी, नवमी समुद्रावर, दशमीला परत. आजोबांची कार्तिकी एकादशी घरी, नाहीतर पंढरपुरात. पोरांच्या शाळा बहुधा तोवर उघडलेल्या नसतात. एखादी तिथी क्षय असली तर दिवस मागेपुढे होतात, म्हणून तारखा कॅलेंडरवर बोट ठेवूनच मोज.

अडचण एकच, तुझ्या बापाची रजा. कारखान्यात मोळी पडली की कामगाराला चार दिवस सलग मिळणं कठीण, आणि नोव्हेंबर लागला की गव्हाणी सुरूच होतात. दिवाळी ऑक्टोबरात आली तर सगळं जुळतं. अधिक महिन्याच्या वर्षी ती नोव्हेंबरात जाते, मग तो बेत सोडून द्यायचा आणि पट्टा पडल्यावर, एप्रिलअखेर किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात, तिथली अष्टमी बघायची. तेव्हा उकाडा असतो पण आंबा असतो. मेचा दुसरा पंधरवडा नको. वारा बदलतो, लाटा उंच व्हायला लागतात आणि महिनाअखेरीस किल्ल्याच्या बोटीही बंद होतात. उसाच्या पहिल्या उचलीवर भरवसा ठेवून खोल्या घेऊ नका, दोघा भावांना सांग. उचल कधी जमा होईल ते आपल्या हातात नसतं. वर्षभर दुधाच्या पगारातनं बाजूला काढलेले पैसे सहलीचे.

आणि दिवाळीत आभाळ निवळलं म्हणून निर्धास्त राहू नका. अरबी समुद्रात वादळं येतात ती पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. २०१९ साली ऐन दिवाळीत क्यार वादळ होतं. ते किनाऱ्यावर न येता लांबून गेलं, तरी मालवण-देवबागला समुद्र खवळला होता. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा इशारा बघायचा आणि खोलीवाल्यांना विचारायचं, बंदरात बावटा लागलाय का. लागला असेल तर घरी बसायचं. बयाना गेला तर जाऊ दे.

रस्त्याचं फार सांगत नाही, गाडी तुझा काका चालवतो आणि त्याला ठाऊक आहे. बारामती, फलटण, सातारा, कोल्हापूर. पुढे एक तर गगनबावड्यावरनं वैभववाडीला उतरायचं, नाहीतर राधानगरी-दाजीपूरवरनं फोंडा घाट. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. मुलं-म्हातारी घेऊन नऊ-दहा तास धर. कोकणातल्या घाटांची कामं वरचेवर निघतात, तेव्हा कोणता चालू आहे ते आदल्या दिवशी विचारून घ्यायचं. घाट उजेडी उतरायचा. पहाटे निघताना उसाच्या जोडट्रॉल्या सांभाळा. पाठीमागे लाल दिवा नसतो, अंगावर आल्याशिवाय दिसत नाहीत. अंबाबाईचं दर्शन येताना घ्या. जाताना रांगेत उभे राहिलात तर घाटात अंधार पडेल. पोरांना घाटात मळमळतं, पण म्हणून उपाशी ठेवायचं नाही. सुकी दशमी द्यायची, पातळ काही नको, आणि ज्याला जास्त त्रास त्याला पुढे बसवायचं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि फराळाचा डबा बरोबर असला की वाटेत कुठे थांबायची वेळ येत नाही.

आता पाण्यात उतरायचं. हे नीट ऐक आणि सगळ्यांना सांग.

किनाऱ्यावर पोचल्याबरोबर पाण्याच्या काठाला एक काडी रोवायची आणि पाव तास नुसतं बसायचं. पाणी काडीच्या पुढे आलं तर भरती, काडी कोरडी राहून पाणी खाली गेलं तर ओहोटी. पंचांगाचा हिशेब बरोबर आला का, ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय पोरांचे कपडे काढायचे नाहीत. मग तू स्वतः घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहा. लाट परत जाताना टाचेखालची वाळू सरकते, पाऊल आत रुतायला लागतं. ते सरकणं हळू असलं, लाटेगणिक बोटभर, तर ठीक. एकाच लाटेत टाच खचली, तोल गेला, तर त्या जागी कोणीच उतरायचं नाही. पन्नास पावलं पुढे जाऊन पुन्हा बघायचं. सरळ किनाऱ्यावरही एका जागेचं पाणी दुसऱ्या जागेसारखं नसतं.

सगळ्यात फसवी जागा शांत दिसते. दोन्हीकडे लाटा फुटून पांढरा फेस येतोय आणि मधल्या एका पट्ट्यात लाट फुटतच नाही, पाणी जरा गडद किंवा गढूळ आहे. नवख्या माणसाला वाटतं इथं बरं आहे, लाट अंगावर येत नाही. काठावर आलेलं सगळं पाणी त्याच वाटेने परत समुद्रात जात असतं. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तो संगम बघायला सुंदर आहे. बोटीतनं बघा, खाडीतल्या वाळूच्या बेटावर ओहोटीला पाय ठेवा, पण संगमाच्या पाण्यात पोहायचं नाही. नदी आणि ओहोटी दोन्ही एकाच दिशेला ओढतात.

आपली पोरं विहिरीत आणि कालव्यात पोहायला शिकली. मला काळजी आहे ती त्यांचीच. पोहता न येणारं पोर काठ सोडत नाही. कालव्यात ओढ लागली तरी दोन्ही हातांना काठ असतो, चार हात मारले की लागतो. समुद्रात काठ एकाच बाजूला, आणि ओढ त्याच्या उलट. त्या ओढीविरुद्ध पोहायला गेलं की भला पहिलवानही दमून बुडतो. सापडलंच कोणी तर त्याने झगडायचं नाही. पाठीवर तरंगायचं, एक हात वर करून हलवायचा, आणि किनाऱ्याकडे तोंड न करता किनाऱ्याच्या कडेकडेने सरकायचं. ओढीचा पट्टा बहुधा अरुंद असतो, त्यातनं बाहेर पडलं की लाटाच काठाकडे आणतात. बाकीच्यांनी त्याच्यामागे उडी टाकायची नाही. एकाला वाचवायला दुसरा गेला आणि दोघे गेले, असं वारंवार होतं.

म्हणून घरनं निघताना पाच लिटरचा रिकामा कॅन घ्या, बूच घट्ट लावलेला, आणि त्याच्या मुठीला चांगला लांब नायलॉनचा दोर बांधलेला. पोरं पोहायला शिकली ती असाच कॅन पाठीला बांधून. पाण्यात पोरं असेतो एक मोठा माणूस हा कॅन हातात घेऊन काठावर कोरडा उभा राहील. त्याने फोनवर बोलायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. अर्ध्या तासाने दुसऱ्याने त्याची जागा घ्यायची. जीवरक्षक असेल तिथेच उतरायचं, तो नको म्हणाला की वाद घालायचा नाही. ११२ आणि १०८ हे नंबर सगळ्यांच्या तोंडात हवेत. मोठ्यांपैकी कोणी पिऊन पाण्यात जायचं नाही, हे तुझ्या काकांना मी स्वतः सांगेन.

तिथी बघून गेलं म्हणजे झालं, असं मात्र समजू नकोस. २०१६ सालच्या १ फेब्रुवारीला रायगडातल्या मुरुडला पुण्याच्या एका कॉलेजची सहल गेली होती. चौदा मुलं-मुली बुडाली. त्या दिवशी वद्य अष्टमीच होती. भांगाचा दिवस, पावसाळा कधीच सरलेला. तरीही गेली. कंबरेपर्यंत पाणी म्हणजे मोठ्या माणसाची हद्द, गुडघा म्हणजे पोराची हद्द, आणि समुद्राकडे पाठ करून फोटोला उभं राहायचं नाही, तिथी कोणतीही असो.

बारीकसारीक आणखी. जेलीफिश अंगाला लागली तर वाळूने चोळू नका आणि गोडं पाणी ओतू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूतनं घासत चाला, म्हणजे तळाशी बसलेलं पाकट आधीच निघून जातं. नारळाच्या झाडाखाली चटई टाकायची नाही, वर फळ आहे का ते बघा. पाण्यात जायच्या आधी पोरींच्या केसांना खोबरेल चोपडून घट्ट वेण्या घाला, नाहीतर खारं पाणी आणि वाळू केसांत आठ दिवस निघत नाही. गाडी वाळूत घालायची नाही. रुतली की भरती कोणासाठी थांबत नाही.

किल्ल्याला सकाळी जा. अष्टमीच्या सकाळी पाणी उतरत असतं, म्हणजे पोहण्याची वेळ नव्हेच. तो वेळ किल्ल्याला द्यायचा. बोटीत जॅकेट सगळ्यांना, बंद बांधलेलं, नुसतं गळ्यात अडकवलेलं नको. कमी पडत असतील तर ती बोट सोडून दुसरीची वाट बघा. २०२२च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ येऊन उलटली, दोघांचा जीव गेला. काठ दिसायला लागला म्हणून जॅकेट काढायचं नाही. आजोबांना बोटीत चढवताना दोघांनी धरा आणि बोट खाली बसेपर्यंत थांबा.

आत गेल्यावर पोरांना नुसतं पळू देऊ नकोस, दाखव. महाराजांनी १६६४ साली हा किल्ला बांधायला घेतला, तीन वर्षांत उभा केला. पायाच्या दगडांत शिसं ओतलंय. दरवाजा असा तटाच्या वळणात लपवलाय की बोट अगदी जवळ गेल्याशिवाय कळत नाही. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा चुन्यात उमटवलेला आहे. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ आहे, तिथे आजोबांना बसवा, तोवर तुम्ही तट फिरून या. आणि चारी बाजूंनी खारा समुद्र असताना आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. कारखान्याच्या गावच्या पोरांनी साखरबाव बघितल्याशिवाय परत यायचं नाही. मी तिच्या काठाशी बसून ओंजळभर पाणी चाखलं होतं. खरंच गोडं आहे.

जेवणाचं आधीच बोलून ठेव. आजोबा माळकरी, मी आठवड्यातनं दोन दिवस खात नाही, आणि बाकीच्यांना सुरमईशिवाय काही सुचणार नाही. मालवणी बाई दोन्ही उत्तम करते, पण तिला आदल्या दिवशी कळलं पाहिजे. आजोबांचा तवा वेगळा, तेल वेगळं. हे मागायला लाजायचं नाही, तिकडच्या घरांतही सोवळंओवळं कळतं. काळ्या वाटाण्याची उसळ, घावने, सोलकढी, एवढ्यावर त्यांचं पोट भरेल. भात उकड्या तांदळाचा मिळाला तर पोरांना आवडायचा नाही, थोडी ज्वारी दळून बरोबर घे, भाकऱ्या टाकून देतात. मासा खाणाऱ्यांनी थाळीत मासा कोणता आणि तुकडे किती ते बसण्याआधी विचारायचं.

खोल्या कोणाच्या तरी घरी घे, निवास-न्याहारीच्या. पर्यटन महामंडळाचं तारकर्लीचं रिसॉर्टही चांगलं आहे, पण दिवाळीत ते महिनोन्‌महिने आधी भरतं. फोटोवर जाऊ नकोस. आपल्या शेजारच्या वस्तीवरच्या एका घराने फोटो बघून सगळे पैसे आधी भरले, आणि तिथे गेल्यावर त्या नावाचं हॉटेलच नव्हतं. असं काही झालं तर १९३० नंबर आहे, तो ताबडतोब लावायचा असतो, पण लावायची वेळच येऊ नये. आधी फोन कर, घरातल्या बाईशी बोल. आजोबांसाठी तळमजल्याची खोली आहे का, कमोड आहे का, समुद्र चालत किती लांब, मध्ये रस्ता लागतो का, माळकऱ्याचं जेवण होईल का, आसपास डॉक्टर कुठे. तिच्या बोलण्यातनं घर कसं आहे ते कळतं. मग थोडा बयाना, बाकी पोचल्यावर. पावती मागायची. उद्या सकाळी दहानंतर फोन कर, त्याआधी त्या घरातल्या बाया न्याहारीच्या गडबडीत असतात.